एक जूनचा मुलगा: ड्राफ्टआधीच्या एका मूल्यमापनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

गोष्ट २०२४ च्या हिवाळ्यातली. बास्केटबॉलच्या एका व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट दोन महिन्यांवर आला होता. क्रिकेट आणि कबड्डीमुळे लिलाव आता घराघरांत माहीत झाला आहे. ड्राफ्टमध्ये मात्र बोली लागत नाही. संघ पाळीपाळीने एकेक खेळाडू उचलतात. पाळी आली की थोडक्या वेळात एक नाव सांगायचं, आणि ते नाव चुकलं तर पुढच्या पाळीपर्यंत चांगला मुलगा दुसऱ्याकडे गेलेला असतो. त्यामुळे खरं काम त्याआधीच्या महिन्यांत होतं. पोरगा आज कसा खेळतो हे कुणालाही दिसतं. चार वर्षांनी कसा खेळेल याचा अंदाज बांधावा लागतो.

मी छत्रपती संभाजीनगरला वीसेक वर्षं बास्केटबॉल शिकवतो. एका संघाने मराठवाड्यातली मुलं पाहायचं काम माझ्याकडे दिलं. अट एकच होती: आठ जिल्ह्यांतून एक नाव द्या, त्याला जानेवारीतल्या दहा दिवसांच्या निवड शिबिराला बोलावू.

ऑक्टोबरात आम्ही चार दिवस बावीस मुलं पाहिली. शेवटी तिघं उरले. त्यांची नावं देत नाही. मैदानावर आम्ही नवीन पोरांना गावावरूनच हाक मारतो, "ए लातूर, पास दे!" अशी. इथेही तसंच ठेवतो.

नांदेड: वय २०, अनवाणी उंची १९८ सेंटीमीटर. तीन वर्षांपासूनच खेळतोय, पण रिंगखाली उभा राहिला की समोरच्याला वळसा घालूनच जावं लागतं.

लातूर: वय २१, उंची १८०. विद्यापीठाच्या संघाचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा. चेंडू त्याच्या हाताला चिकटल्यासारखा.

धारूर: कागदावर वय १९, उंची १९३, विंगस्पॅन म्हणजे दोन्ही हात फाकवून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतचं अंतर २०३. आईवडील ऊसतोड कामगार. त्याच्या शाळेत पीटीच्या सरांनी गावातल्या वेल्डरकडून लोखंडी खांबाला रिंग बसवून घेतली होती आणि त्या एका रिंगवर तो शिकला. ती रिंग मी नंतर जाऊन मोजली. ३.०५ मीटरवर हवी, ती २.९० वर होती.

हे मोजमाप मी मुद्दाम आधी सांगतोय. ऑक्टोबरातल्या त्या चार दिवसांपैकी पहिल्या दिवशी धारूरचे बहुतेक शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत येत होते आणि माझ्या सहकाऱ्याने वहीत "शूटिंग नाही" असं लिहिलंही होतं. चौथ्या दिवशी तेच शॉट आत जायला लागले. चार दिवसांत कुणाला शूटिंग येत नसतं. हात होताच, फक्त तो पंधरा सेंटीमीटर खालच्या रिंगला बसलेला होता.

पेच

तिघांचे आकडे समोर ठेवले तर निर्णय सोपा वाटत होता. या खेळात एक वाक्य सगळे प्रशिक्षक बोलतात: उंची शिकवता येत नाही. ते खरं आहे, पण अर्धंच. पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग भामरा सात फूट दोन इंच उंच. अमेरिकेतल्या एनबीए या लीगच्या २०१५ च्या ड्राफ्टमध्ये डॅलस मॅव्हरिक्स संघाने त्याला ५२ व्या क्रमांकावर घेतलं. भारतात जन्मलेला तो पहिलाच असा खेळाडू. आमच्या सगळ्या कोर्टांवर त्या दिवशी पेढे वाटले गेले. पण एनबीएच्या मुख्य हंगामात त्याला एकही सामना मिळाला नाही. त्याच्या मेहनतीत काही कमी नव्हती. त्या पातळीवर उंचीनंतर पाय किती झपझप हलतात आणि निर्णय किती लवकर होतो, हेही मोजलं जातं.

माझ्यासमोरचा खरा पेच धारूरच्या वयाचा होता. त्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख होती १ जून २००५.

मराठवाड्यात राहणाऱ्याला या तारखेचा अर्थ सांगावा लागत नाही. जन्माची नोंद नसली की शाळेत नाव घालताना गुरुजी एक जून टाकायचे. शाळा जूनमध्ये उघडते, हिशेब सोपा पडतो. माझ्या वडिलांची तारीखही तीच होती. संघाच्या प्रतिनिधीने दाखला पाहिला आणि लगेच म्हणाला, "सर, एक जून? मग हा बावीसचा असणार." त्याचीही चूक नव्हती. खेळात वय चोरणं इतकं माजलंय की केंद्र सरकारला २०१० मध्ये त्याविरुद्ध वेगळी संहिता आणावी लागली. संशय आला की तो एकाच बाजूला जातो: पोरगा कागदापेक्षा मोठाच असणार.

वयाला एवढं महत्त्व का? पुढे एनबीएचा मोठा तारा ठरलेल्या यानिस आन्तेतोकुंपोला मिलवॉकीच्या संघाने २०१३ मध्ये १५ व्या क्रमांकावर घेतलं, तेव्हा तो १८ वर्षांचा होता आणि ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळत होता. आकडे फार मोठे नव्हते. पण अठराव्या वर्षी त्या उंचीचा मुलगा चेंडू घेऊन कोर्टाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळतो, हे पाहणाऱ्यांना कळलं. त्यानंतर त्याची उंचीही वाढली. तोच खेळ बाविसाव्या वर्षी दिसला असता तर कुणी फारसं लक्ष दिलं नसतं. धारूर १९ चा असेल तर तो ठीक खेळाडू होता. २२ चा असेल तर त्याच्यासाठी शिफारस वाया घालवण्यात अर्थ नव्हता. आणि तो त्याहून लहान असेल तर?

हा तिसरा प्रश्न ऑक्टोबरात आमच्यापैकी कुणालाही पडला नाही. मलाही नाही.

वय शोधताना

आधी एक्स-रे काढला. डाव्या हाताच्या आणि मनगटाच्या हाडांवरून वय काढायची टीडब्ल्यू-३ ही पद्धत आपल्याकडे वापरतात, बीसीसीआयही वापरतं. पण मुलांच्या बाबतीत ही मोजपट्टी साडेसोळा वर्षांच्या आसपास संपते. त्यापुढे ती फक्त "वाढ पूर्ण" एवढंच सांगते. फोटोत मनगटाजवळ वाढीची रेघ, म्हणजे हाड अजून वाढत असल्याची खूण, पुसट दिसत होती. डॉक्टर म्हणाल्या, "ही रेघ सतराच्या मुलातही दिसते आणि कधी एकोणीसच्यातही. बावीसचा वाटत नाही, एवढंच मी तोंडी सांगेन. आकडा लिहून देणार नाही." मला त्यांचा तो नकार आवडला.

मग मी मुलाला फोन केला. तो सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यात टोळीबरोबर होता. दिवाळीनंतर घरचे निघाले तेव्हा तोही निघाला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी तिकडे गेलो.

कारखान्यालगतच्या मोकळ्या रानात कोप्यांची ओळ होती. बांबू, पाचट, वर निळी ताडपत्री. तो दुपारी गाडीवर मोळ्या चढवून आला. मी त्याचे हात हातात घेऊन पाहिले. उजव्या तळव्यावर कोयत्याचा घट्टा होता, अंगठ्याच्या बुडाशी, जिथे शॉट मारताना चेंडू टेकायलाच नको. बोटांची टोकं मात्र स्वच्छ होती. मी विचारलं, तर म्हणाला, "सर, रोज रात्री खोबरेल लावतो. बोटं चिरली तर चेंडू कळत नाही." कोपीत उशाशी हवा गेलेला चेंडू होता. सात नंबरचा, वरचं रबर गुळगुळीत झालेला.

त्याची आई वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधत होती. मी थेट वय विचारलं नाही. पोरगा कुठे झाला, एवढंच विचारलं.

"हितंच झाला की," ती म्हणाली. "ह्याच पट्ट्यात. त्या साली चिकनगुन्या आल्ता बघा आमच्याकडं. समद्या गावाचे गुडघे धरले व्हते. म्या पोटुशी, गोळी बी खाऊ देईनात. तसंच दिवाळीला गाडीत बसून आलो. अन् संक्रातीच्या आधी दोन रोज कळा लागल्या. मुकादमाच्या टेम्पोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं."

चिकुनगुनियाची ती मोठी साथ २००६ ची. तो पावसाळा माझ्याही लक्षात आहे. म्हणजे त्यानंतरची संक्रांत २००७ ची.

मी तिथेच थांबून परत हिशेब केला. कागदावर जून २००५ आणि आईच्या सांगण्यावरून जानेवारी २००७. मुलगा मोठा नव्हता. तो कागदापेक्षा एकोणीस महिन्यांनी लहान होता.

"मग शाळेत आधी कसं घातलं?"

"पोरीला हंगामी वसतिगृहात ठिवायचं व्हतं. ह्यो एकटा कुठं राहनार? शाळेत नाव असल्याबिगर तिथं जेवाय देत न्हाईत. मंग गुरुजींच्या हातापाया पडलो. त्यांनी सहाचा हाय म्हणून लिवलं."

साडेचार वर्षांच्या मुलाला दोन वेळचं जेवण मिळावं म्हणून त्याचं वय वाढवलं होतं.

आणि तेव्हा मला २०१९ चा पावसाळा आठवला. विभागीय शालेय स्पर्धा होती. कागदावर चौदा पूर्ण झालेले असल्यामुळे हा मुलगा सतरा वर्षांखालील गटात खेळला होता. त्याचं खरं वय तेव्हा बारा वर्षं आणि काही महिने. समोर मिसरूड फुटलेली पोरं. त्या स्पर्धेत निरीक्षक मी होतो. घरी येऊन मी जुनी वही काढली. त्याच्या नंबरापुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: "लांब आहे पण मागे पडतो. अंगाला अंग लागलं की चेंडू सोडतो." त्या ओळीमुळे त्याला पुढच्या शिबिराचं बोलावणं गेलं नाही. पाच वर्षं त्याला मोठं कोर्ट दिसलं नाही.

समोरचे पर्याय

अहवालाची मुदत १५ डिसेंबर होती.

नांदेडचं नाव द्यावं. उंची दिसते, कागद स्वच्छ आहेत, संघ खूश होईल. फ्री थ्रोचा मात्र घोर होता. दमवून घेऊन मारायला लावलेल्या ५० पैकी त्याचे २३ गेले होते. फ्री थ्रोला अडवणारं कुणी नसतं, ४.६ मीटरवरून एकटा माणूस आणि रिंग, त्यामुळे हाताची मूळ जाण तिथे उघडी पडते. सामन्यातल्या लांबून मारलेल्या तीन गुणांच्या शॉटच्या टक्केवारीपेक्षा तरुण खेळाडूच्या बाबतीत मी या आकड्यावर जास्त विसंबतो. धारूरचे ३४ गेले होते, लातूरचे ४१.

लातूरचं नाव द्यावं. आज खेळायला लावलं तर तिघांत तोच सरस. पण २१ वर्षं, १८० सेंटीमीटर आणि दर सामन्यात पाच-सहा वेळा चेंडू गमावणं. मी त्याला लवकर बाजूला काढलं. त्यावर पुढे बोलतो.

धारूरचं नाव द्यावं आणि वय कागदावरचं ठेवून गप्प बसावं. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने हेच सुचवलं. "कागदावर पात्र आहे ना? मग उघडायचं कशाला? उगाच चौकशी मागे लागेल." त्यांचा हेतू मुलाच्या भल्याचाच होता. पण गप्प बसलो असतो तर संघाने त्याला बावीसचाच धरलं असतं. इथे खरं सांगण्यातच त्याचा फायदा होता.

धारूरचं नाव द्यावं आणि सगळं लिहावं: कागदाचं वय, आईचं सांगणं, एक्स-रे, कमी उंचीची रिंग. ड्राफ्टच्या दिवसापर्यंत खऱ्या हिशेबानेही त्याला अठरा पूर्ण होत होते, त्यामुळे नियमाची अडचण नव्हती. अडचण पुराव्याची होती. जन्म जिथे होतो तिथल्या निबंधकाकडे नोंद लागते, म्हणजे उतारा वाळव्याकडच्याच ग्रामपंचायतीत असायला हवा. मी अर्ज केला. पण तो १५ तारखेआधी हाती येण्यासारखा नव्हता.

आणखी एक अडचण होती, जी मी अहवालात लिहिली नाही. घरच्यांनी मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, घेतली होती ती अडीच कोयत्यांची (नवरा-बायको मिळून एक कोयता): आईवडील, काका-काकू आणि हा, अर्धा कोयता. तो दहा दिवस गेला असता तर खाडे, म्हणजे गैरहजेरीचे पैसे, सगळ्या घरावर पडले असते.

काय केलं

मी नांदेडचं नाव दिलं. धारूरवर दोन पानांचं वेगळं टिपण जोडलं. त्यात वयाचा एक आकडा न देता "१७ ते १९, पुरावा १७ कडे झुकणारा" असं लिहिलं आणि पुढच्या वर्षी त्याला पाहावं अशी विनंती केली.

तेव्हा हा निर्णय मला जबाबदारीचा वाटला होता. हाती पुरावा नाही, मुलगा हंगामात अडकलेला, मग कशाच्या बळावर एकमेव नाव त्याचं द्यायचं?

निष्पत्ती

नांदेड शिबिराला गेला आणि ड्राफ्टच्या शेवटच्या पाळ्यांमध्ये निवडला गेला. हंगामभर बहुतेक काळ बाकावर बसला. पण तिथल्या प्रशिक्षकाने त्याचा डावा हात चेंडूवरून कधी सुटतो हे दुरुस्त केलं आणि परत आल्यावर ५० पैकी ३१ गेले. त्याच्यासाठी ते वर्ष वाया गेलं नाही.

लातूर स्वतःच्या खर्चाने रेल्वेने दुसऱ्या एका संघाच्या खुल्या चाचणीला गेला. बदली खेळाडू म्हणून घेतला गेला, आणि हंगामाच्या मध्यावर त्यांचा मुख्य गार्ड जखमी झाल्यावर सामने खेळला. मी ते सामने पाहिले. आमच्याकडे जे पास समोरच्याच्या बोटांवरून निसटून बाहेर जात होते, तेच तिथे पकडले जात होते आणि त्यांच्यावर गुण होत होते. माझ्या तक्त्यात गमावलेला प्रत्येक चेंडू पास देणाऱ्याच्या नावावर पडत होता. पकडणारा तयार होता का, हा रकानाच त्यात नव्हता.

ग्रामपंचायतीचा उतारा जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आला. जन्मतारीख १२ जानेवारी २००७. संक्रांतीच्या आधी दोन दिवस, आई म्हणाली होती तसंच. तोवर नावं पक्की झाली होती. मी उताऱ्याची प्रत संघाला पाठवली. त्यांनी आभार मानले आणि फाइलला जोडून ठेवतो म्हणाले.

मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, आणि धारूर गावी परतला. जूनमध्ये त्याने संभाजीनगरच्या एका महाविद्यालयात प्रवेश घेतला. वसतिगृहाची सोय आम्ही काही माजी खेळाडूंनी मिळून केली. ऑगस्टमध्ये त्याला पुन्हा भिंतीला उभं केलं. टाचा टेकलेल्या, डोक्यावर पाटी. १९५.५. दहा महिन्यांत अडीच सेंटीमीटर वाढला होता. मनगटातल्या त्या पुसट रेघेने जे लिहून दिलं नव्हतं, ते भिंतीवर दिसलं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट म्हणजे मी संघाला विचारायला हवं होतं. दहा दिवसांच्या खाड्यांची रक्कम एखाद्या व्यावसायिक संघासाठी फार मोठी नव्हती. मुकादमाशी बोलणंही शक्य होतं. तो कोपीवर माझ्यासमोर चहा प्यायला होता. मी अडचण पाहिली, ती मनात मोजली, मोठी ठरवली आणि कुणालाही न सांगता मुलाच्या वतीने नकार देऊन टाकला. तो निर्णय माझा नव्हता. त्याचा आणि त्याच्या घरच्यांचा होता.

दुसरं, वयाची चौकशी एक्स-रेपासून सुरू करायला नको होती. आईकडे आधी जायला हवं होतं. ऊसतोडीच्या घरांत तारीख नसते पण साल पक्कं असतं: साथ, दुष्काळ, कोणता कारखाना, कोणता मुकादम. ऑक्टोबरात गेलो असतो तर उतारा मुदतीच्या आत हातात असता. आता मी मुलाचा दाखला मागतो तेव्हाच विचारतो की जन्माच्या वेळी टोळी कुठे होती.

तिसरं, जिथे मुलगा शिकला ती रिंग आणि ते कोर्ट आधी मोजायला हवं. आमच्याकडची बहुतेक कोर्टं सिमेंटची आणि उघडी. तिथे पोरं चेंडूसाठी अंग टाकत नाहीत, कारण गुडघे सोलतात. लाकडी कोर्टावरचा निरीक्षक त्याला भित्रेपणा म्हणतो. मीही २०१९ मध्ये तसंच काहीसं लिहिलं होतं.

त्या वहीतली ती ओळ मी धारूरला दाखवली. त्याने वाचली, वही परत दिली आणि विचारलं, "सर, त्या दिवशी मला कुणी गार्ड करत होतं, आठवतं का? तो पुढे पोलिसात लागला." मग हसून चेंडू घेऊन कोर्टावर गेला.

पुढच्या ड्राफ्टचा अर्ज गेल्या महिन्यात भरला. आधारवर आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर अजून २००५ च आहे; दहावीनंतर शाळेच्या नोंदीतली तारीख बदलून घेणं फार जिकिरीचं असतं, ती खटपट चालू आहे. अर्जात जन्मतारखेला एकच रकाना. त्याने त्यात १ जून २००५ लिहिलं. खाली सांगलीचा उतारा पिनने जोडला आणि त्यावर, रकान्याबाहेर, बारीक अक्षरात आईचं नाव आणि दवाखान्याचं गाव लिहिलं.